अहवालाची पाने मोजू नका, त्याचे म्हणणे विचारा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्रात, आणि खरे तर सगळ्याच वृत्तपत्रांत, एक ठरावीक बातमी वर्षातून अनेकदा वाचायला मिळते. अमुक समितीने किंवा तमुक सल्लागाराने आपला अहवाल सादर केला, असे त्या बातमीत म्हटलेले असते; सोबत अहवाल स्वीकारतानाचे छायाचित्र, सदस्यांची नावे, बैठकांची संख्या आणि अहवाल किती पानांचा आहे हा तपशील असतो. अहवाल म्हणतो काय, हे मात्र शोधूनही सापडत नाही. याचा दोष बातमीदारांना द्यावा असे मला वाटत नाही. नोकरीच्या निमित्ताने अशा कागदांच्या चळती मी आयुष्यभर उपसल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच कागदांना स्वतःचे असे काही म्हणणे नसतेच, हे मी पाहिले आहे. जे मुळात नाही ते बातमीदार तरी कुठून आणणार?

मी कोल्हापुरातील एका बँकेत लघुउद्योगांच्या कर्जप्रस्तावांची छाननी करत निवृत्त झालो आणि आता ओळखीच्या उद्योजकांचे प्रस्ताव बँकेत जाण्यापूर्वी पाहून देतो. या पत्राचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. प्रत्येक अहवालाने आणि प्रस्तावाने पहिल्याच पानावर, शक्यतो पहिल्याच परिच्छेदात, वाचणाऱ्याने काय करावे आणि का करावे हे पूर्ण वाक्यात सांगितले पाहिजे. आणि ज्यात असे वाक्य नाही तो कागद बँकांनी, कार्यालयांनी व महाविद्यालयांनी पुढे न वाचता परत पाठवावा. यातला दुसरा भाग काहींना कठोर वाटेल. परंतु कागद परत येत नाही तोवर लिहिणाऱ्याची सवय बदलत नाही, हेही तितकेच खरे आहे.

आपल्याकडचा नमुनेदार प्रस्ताव कसा असतो, ते जरा जवळून पाहू. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एक मध्यम आकाराची फौंड्री आहे असे समजा. वाहन उद्योगातील एका ग्राहकाला ती वर्षानुवर्षे कच्चे कास्टिंग, म्हणजे साच्यातून निघालेले ओतीव भाग, पुरवते आहे. ग्राहक म्हणतो की यापुढे कच्चे कास्टिंग नको, मशीनिंग करून, म्हणजे यंत्रावर नेमक्या मापाला आणून, तयार जॉब द्या. त्यासाठी यंत्रे घ्यायची, म्हणून मुदत कर्ज हवे. मालकाला समोर बसवून विचारले तर एवढी हकिकत तो दोन मिनिटांत सांगतो, आणि खणखणीत सांगतो. मात्र हाच माणूस प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन येतो तेव्हा पहिल्या पानावर गणपती, दुसऱ्यावर संस्थापकांचे छायाचित्र व जीवनपट, पुढे भारतीय वाहन उद्योगाचा इतिहास, मग जागतिक बाजारपेठेचे इंटरनेटवरून उचललेले रंगीत आलेख, मग कोल्हापूरच्या उद्योगपरंपरेचे गुणगान, संचालकांच्या शिक्षणाचे तक्ते आणि यंत्रांची कोटेशने असा सारा सरंजाम असतो. कर्ज किती हवे ते मध्यावर कुठेतरी एका तक्त्याच्या तळाशी, ग्राहकाचे पत्र शेवटच्या परिशिष्टात, आणि त्या पत्रामुळेच हा सारा खटाटोप चालला आहे ही गोष्ट कुठेच लिहिलेली नसते. नमनालाच घडाभर तेल जाते, आणि वर ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा प्रकार होतो तो वेगळाच. कर्ज मागण्यासाठी लिहिलेला कागद कर्ज मागण्याचेच टाळतो.

त्याऐवजी पहिल्या पानावर असा मजकूर असता तर? "मशीनिंगची दोन संगणक-नियंत्रित (व्हीएमसी) यंत्रे घेण्यासाठी आम्हाला १ कोटी २० लाख रुपयांचे सात वर्षांचे मुदत कर्ज हवे आहे. आमचा सध्याचाच ग्राहक आज घेत असलेले कास्टिंग मशीनिंग करून घेण्यास लेखी तयार आहे, त्यामुळे नवा ग्राहक शोधावा लागणार नाही. वाढीव उत्पन्न धरता वर्षाकाठी हप्ता व व्याज यांच्या प्रत्येक १०० रुपयांमागे आमच्या हाती १६० रुपये येतील, आणि ही आवक पाव हिश्श्याने घटली तरी १२० रुपये येतील." आकडे अर्थातच उदाहरणादाखल आहेत. पण काय हवे, किती हवे, आत्ताच का हवे, परतफेड कशातून होणार आणि अंदाज चुकला तर काय, ही पाचही उत्तरे इथे मिळाली आहेत. हप्ता व व्याजाच्या मानाने हाती किती रक्कम येते, याला कर्ज अधिकारी डीएससीआर म्हणतात आणि प्रस्तावासोबतच्या आर्थिक अंदाजांच्या (सीएमए) तक्त्यांमध्ये जे गुणोत्तर आधी शोधतात, तेही साध्या भाषेत येऊन गेले. यापुढची पाने तो अधिकारी शंका घेत वाचील, ताडून पाहील, पण चाचपडत वाचणार नाही.

अशी वाक्ये लिहायला बसले की काय होते, हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि माझ्या मते मुख्य म्हणणे आधी लिहिण्याचा खरा लाभ तिथेच आहे. मालक 'लेखी तयार आहे' या शब्दांपाशी अडखळतो. मग कळते की ग्राहकाच्या खरेदी अधिकाऱ्याने फोनवर 'बघू, करा सुरुवात' एवढेच म्हटले आहे. किंवा आवक पाव हिश्श्याने घटली तर काय, हा हिशेब कोणी केलेलाच नसतो. चाळीस पानांच्या मजकुरात ही पोकळी सुखाने लपून राहिली होती. तीन वाक्यांत तिला लपायला जागा उरली नाही. वाक्य जमत नसेल तर बहुधा भाषा कच्ची नसते, काम कच्चे असते. अशा वेळी मी प्रस्ताव सुधारायला सांगत नाही, आधी ग्राहकाचे पत्र आणायला सांगतो.

अहवालातील शीर्षकांचेही तसेच आहे. 'पाणीपुरवठ्याची सद्यस्थिती' असे शीर्षक म्हणजे नुसती खोलीवरची पाटी. 'पाणी टाकीपर्यंत पूर्ण पोहोचते, गळती टाकीच्या पुढे आहे' असे लिहिले की ग्रामपंचायतीच्या सदस्याला पैसे कुठे लावायचे ते कळते. केवळ शीर्षके ओळीने वाचून अहवालाचा युक्तिवाद समजला पाहिजे, हा नियम कार्यालयांनी लावून पाहावा. अहवालातल्या तक्त्यांनाही तो लावता येतो.

आता सरकारी व निमसरकारी कागदांकडे वळतो. शासन निर्णयाचा आपला साचा सर्वांना परिचित आहे : आधी 'वाचा' म्हणून जुन्या निर्णयांची यादी, मग 'प्रस्तावना', आणि त्यानंतर प्रत्यक्ष 'शासन निर्णय'. शासकीय आदेशाला मागच्या आदेशांचा आधार दाखवावा लागतो, त्यामुळे या साच्याला कारण आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच साच्याची नक्कल साध्या टिपणीपासून सहकारी संस्थेच्या वार्षिक अहवालापर्यंत सर्वत्र होते तिच्याबद्दल. 'उपरोक्त संदर्भीय विषयास अनुसरून' अशी सुरुवात, 'सदर बाब विचाराधीन असून' असा मध्य आणि 'तरी योग्य त्या आदेशास्तव सविनय सादर' असा शेवट. योग्य ते आदेश कोणते, हे जागेवर जाऊन पाहणी केलेल्या माणसालाच ठाऊक असते. टिपणी एखाद्या पुलाबद्दल असेल, तर वरिष्ठाने तो पूल पाहिलेलाही नसतो. तरीही पाहणी करणारा 'आढळून आले', 'निदर्शनास आले', 'कार्यवाही होणे उचित ठरेल' अशा कर्ता नसलेल्या क्रियापदांच्या आडोशाला उभा राहतो. पूल जड वाहनांसाठी बंद करावा की करू नये, एवढे लिहिले की पुढे कधीतरी 'हे कोणी लिहिले होते?' असा प्रश्न येतो, आणि त्या प्रश्नाची भीती हेच गुळमुळीत लिखाणाचे मूळ आहे. भाषेचे वर्ग घेऊन ही भीती जात नाही. टिपणीत स्पष्ट शिफारस करणाऱ्या कनिष्ठाची शिफारस नाकारली गेली तरी त्याला बोल लागणार नाही, अशी हमी वरिष्ठांनी वागणुकीतून दिली तरच ती जाईल.

एरवी आपला जिल्हा आडवळणाने बोलण्यासाठी प्रसिद्ध नाही. तालमीच्या कट्ट्यावर कोणी पाल्हाळ लावले तर 'मुद्द्याचं बोल की' असे त्याला तिथल्या तिथे ऐकवले जाते. हातात पेन आले की हा बाणा कुठे जातो, कोण जाणे.

आणि स्पष्ट म्हणणे कसे असावे हे आपल्याला दर पावसाळ्यात दिसतेही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी किती फूट किती इंच आहे, याची चौकशी जून-जुलैत घराघरांत चालते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे शाळकरी मुलांनाही पाठ आहे. पूरस्थितीच्या दैनंदिन पत्रकात धरणांतील साठा, विसर्ग, पाण्याखाली गेलेले बंधारे, बंद झालेले मार्ग असे पुष्कळ काही असते. पण नदीकाठच्या सुतारवाड्यातील किंवा प्रयाग चिखली-आंबेवाडीतील माणूस आधी तो एक आकडा पाहतो, कारण त्या आकड्याला निर्णय बांधलेला आहे. जनावरे आज हलवायची की उद्या, तळमजल्यावरचे सामान वर चढवायचे की थांबायचे, हे २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या कुटुंबाला त्यावरून कळते. हाच आकडा ३९ आणि ४३ या दोन खुणा काढून घेऊन छापला तर परगावच्या माणसाला तो निरर्थक वाटेल. आपल्या बहुतेक अहवालांतील आकडे अशाच खुणा नसलेल्या मोजपट्टीवरचे असतात. 'नाकारलेल्या कास्टिंगचे प्रमाण ६ टक्के' असे एखादा गुणवत्ता अहवाल सांगतो. मागच्या वर्षी किती होते, ग्राहक किती चालवून घेतो आणि कितीच्या वर गेले की त्या जॉबमध्ये तोटा सुरू होतो, हे लिहिल्याशिवाय या ६ टक्क्यांवर आनंद मानायचा की साच्यांच्या वाळूची तपासणी सुरू करायची, ते वाचणाऱ्याला ठरवता येत नाही.

करवीरनगरीत राहून या विषयावर लिहिताना राजर्षी शाहू महाराजांच्या एका हुकमाची आठवण होणे अपरिहार्य आहे. २६ जुलै १९०२ चा, करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये प्रसिद्ध झालेला, मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणारा तो हुकूम आपण सामाजिक न्यायाचा दस्तऐवज म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. मी तो प्रशासकीय लेखनाचा नमुना म्हणूनही वाचत आलो आहे. सर्व वर्गांत शिक्षणाचा प्रसार व्हावा म्हणून संस्थानाने प्रयत्न केले, परंतु मागासलेल्या वर्गांच्या बाबतीत त्याला अपेक्षित यश आले नाही. उच्च शिक्षणानंतर मिळणारे लाभ पुरेशा व्यापक प्रमाणात वाटले जात नाहीत, हे त्याचे कारण आहे. म्हणून हुकूम पोहोचल्या दिवसापासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा या वर्गांतून भराव्यात. इतक्या थोड्या अवकाशात परिस्थिती, कारण आणि निर्णय संपतो. पुढे ज्या कार्यालयांत हे प्रमाण आज निम्म्याहून कमी आहे तिथे पुढची नेमणूक कोणाची करावी तेही सांगितले आहे. मागासलेले वर्ग म्हणजे कोण, याचा खुलासा आहे. आणि सगळ्या खातेप्रमुखांनी केलेल्या नेमणुकांचे पत्रक दर तिमाहीला सादर करावे, हा आदेश आहे. 'शक्य तेथे', 'यथावकाश', 'प्रयत्न करण्यात यावेत' अशा पळवाटा त्यात नाहीत. मुंबई-पुण्यात त्यावर टीका झाली, पण हुकमाचा अर्थ काय याबद्दल कोणाचा घोळ झाला नाही. टीका करणाऱ्यांनाही नेमके कशावर टीका करायची ते कळले होते.

या हुकमात निर्णयाआधी कारण आले आहे, याकडे चाणाक्ष वाचकाचे लक्ष जाईल आणि 'मग तुमच्या पहिल्या वाक्याचे काय?' असे तो विचारील. प्रश्न रास्त आहे. निर्णय ऐकताच वाचणारा उसळून उठणार असेल, तर कारणाच्या दोन-तीन ओळी आधी देणे शहाणपणाचे असते, आणि महाराजांसमोर तसा वाचकवर्ग होताच. परंतु त्या ओळी निर्णयाकडेच चालत जातात आणि लगेच तिथे पोहोचतात. संस्थानाच्या स्थापनेपासूनचा इतिहास त्यांत नाही. कारण आधी की निर्णय आधी, हे वाचक पाहून ठरवावे. दोन्ही पहिल्याच पानावर असावेत, एवढाच माझा आग्रह आहे.

मुख्य म्हणणे दडपले गेले तर काय होऊ शकते, याचे एक दूरचे पण आपल्या सर्वांना चटका लावून गेलेले उदाहरण आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अवकाशयान परतीच्या वाटेवर नष्ट झाले आणि कल्पना चावलासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. १६ जानेवारीला उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आतच बाहेरच्या इंधन टाकीवरील फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. यान अंतराळात असतानाच अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास करून वरिष्ठांसमोर स्लाइड मांडल्या. त्यांतील एका स्लाइडचे शीर्षक वाचले तर चाचण्यांची माहिती आपल्याला सुरक्षित बाजूला ठेवते असा समज व्हावा. खाली मुद्दे, उपमुद्दे, उपमुद्द्यांचे उपमुद्दे. आणि अगदी तळाशी, सर्वांत लहान अक्षरांच्या ओळींत, प्रत्यक्ष आघात चाचण्यांच्या कक्षेबाहेरचा असल्याची नोंद होती : आदळलेल्या तुकड्याचे आकारमान १,९२० घनइंच, तर चाचणीतल्या तुकड्याचे केवळ ३ घनइंच. म्हणजे ६४० पट मोठ्या वस्तूबद्दल त्यांच्याकडे माहितीच नव्हती. अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळाने ही स्लाइड आपल्या अहवालात छापली, आणि ती वाचून हा जिवावरचा प्रसंग आहे हे एखाद्या वरिष्ठाच्या लक्षात आले नाही तर नवल नाही, असे मत नोंदवले.

अपघात त्या एका स्लाइडमुळे झाला, असे कोणी म्हणणार नाही. कारणे अनेक होती, आणि पंखाची छायाचित्रे मिळवण्याची अभियंत्यांची विनंती वर पोहोचूनही तडीस गेली नव्हती. माझा मुद्दा वेगळा आहे. 'निश्चित माहिती नसेल तर आम्ही मुख्य म्हणणे कसे लिहावे?' असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर या उदाहरणात आहे. 'एवढ्या मोठ्या तुकड्याची चाचणी आपण कधीच केलेली नाही, त्यामुळे पंख सुरक्षित आहे असे सांगता येत नाही. छायाचित्रे मिळवावीत' हे पूर्णपणे स्पष्ट म्हणणे झाले असते, आणि त्यात निश्चिततेचा आव कुठेच नाही. माहिती अपुरी आहे, हेसुद्धा ठामपणे सांगता येते. ते तळाशी टाकून वर सुरक्षिततेची पाटी लावायची, हा मात्र गुन्हा नसला तरी अपराध आहे.

सनदी लेखापालांनी ही शिस्त आपल्या व्यवसायात आणली, याचा उल्लेख करायला हवा. पूर्वी लेखापरीक्षकाच्या अहवालात व्यवस्थापनाची जबाबदारी, लेखापरीक्षकाची जबाबदारी असे परिच्छेद आधी येत आणि हिशेब खरे व वाजवी चित्र दाखवतात की नाही हे मत शेवटाकडे येई. ७०० क्रमांकाचे लेखापरीक्षण मानक सुधारले गेले आणि १ एप्रिल २०१८ पासून वा त्यानंतर सुरू होणाऱ्या कालावधींच्या अहवालांत मत पहिल्या स्थानी आले, त्याचा आधार त्याच्या लगेच खाली. पुरेसा पुरावाच मिळाला नाही म्हणून मत देता येत नाही, असे म्हणण्याचीही त्यात रीतसर सोय आहे, आणि तेही वरच लिहावे लागते. एका संपूर्ण व्यवसायाला शेवटचे मत पहिल्या स्थानी आणता आले, तर आपल्या संस्थांच्या प्रशासकीय अहवालांना ते का जमू नये?

याला नेहमी घेतला जाणारा एक आक्षेप असा, की एकाच म्हणण्यावर भर दिला तर गुंतागुंतीच्या विषयावर अन्याय होतो. या आक्षेपाबद्दल मला आदर आहे, पण तो घेणाऱ्यांचे अहवाल पाहिले की आदर थोडा कमी होतो. एखादी समिती चाळीस-पन्नास शिफारसी करते, त्यांना क्रमांक देते, पण क्रम देत नाही. नाले साफ करा आणि नदीपात्रातील अतिक्रमणांबाबत धोरण ठरवा, या दोन्ही शिफारसी एकाच ठशात, एकाखाली एक. अंमलबजावणी करणारा माणूस स्वाभाविकपणे सोप्या दहा निवडतो आणि 'बहुतांश शिफारसींवर कार्यवाही सुरू' असे कळवून मोकळा होतो. ज्या दोन शिफारसींसाठी समिती नेमली होती त्या तशाच राहतात. गुंतागुंत दाखवायला परिशिष्टे आहेत. ऑगस्ट १९४० मध्ये, ब्रिटन युद्धात पुरते गुंतलेले असताना, पंतप्रधान चर्चिल यांनी आपल्या खात्यांना लेखी कळवले होते की मुख्य मुद्दे छोट्या, नेटक्या परिच्छेदांत द्यावेत आणि सविस्तर विश्लेषण किंवा आकडेवारी परिशिष्टात घालावी. त्यांच्याविषयी भारतीय माणसाचे मत काहीही असो, ही सूचना घेण्यासारखी आहे.

अलीकडे या रोगाला नवे खतपाणी मिळाले आहे. संगणकाला विषय सांगितला की तो क्षणात हवी तेवढी पाने, तीही सुबक भाषेत, तयार करून देतो. गेल्या काही काळात माझ्यासमोर आलेल्या प्रस्तावांत जागतिक बाजारपेठेचे परिच्छेद अधिक गुळगुळीत झाले आहेत. ग्राहकाचे पत्र मात्र अजूनही शेवटच्या परिशिष्टातच आहे. पाने स्वस्त झाल्यावर पानांवरून कष्ट मोजण्याची पद्धत तरी आता बंद व्हावी. आपल्या अभियांत्रिकी व व्यवस्थापन महाविद्यालयांत अंतिम वर्षाचा प्रकल्प अहवाल आजही जाडी, बांधणी आणि सोनेरी अक्षरांवरून निम्मा तपासला जातो. प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, विषयप्रवेश, पूर्वीच्या संशोधनाचा आढावा या साऱ्यांतून गेल्यावर विद्यार्थ्याने काय शोधले ते कळते, आणि कधी कधी तेही कळत नाही. शाळेत निबंधाला प्रस्तावना हवीच, हा धडा आपण मुलांना इतका पक्का देतो की पुढे तीस वर्षांनी तोच मुलगा पूल खचल्याचा अहवालही नद्यांच्या संस्कृतीतील महत्त्वापासून सुरू करतो.

आपल्यामार्फत तीन विनंत्या करतो. पहिली आपल्याच बातमीदारांना : अहवाल सादर करणाऱ्या समितीच्या अध्यक्षांना 'आम्ही काय करावे असे आपले म्हणणे आहे?' एवढे विचारावे आणि मिळालेले उत्तर जसेच्या तसे छापावे. दुसरी महाविद्यालयांना : प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकाला अहवालाऐवजी आधी एक पान द्यावे आणि त्या पानावरच प्रश्न विचारू द्यावेत, बाकीचा ग्रंथ बाजूला असू द्यावा. तिसरी जिल्ह्यातील उद्योजकांच्या संघटनांना : शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले आणि इचलकरंजीच्या सभासदांसाठी कर्ज अधिकारी, सनदी लेखापाल आणि उद्योजक यांना एका टेबलाशी बसवून प्रत्यक्ष प्रस्तावांची पहिली पाने लिहून घेणारी सत्रे ठेवावीत. तिथे व्याख्याने नकोत. उद्योजकाने आपले म्हणणे तोंडी सांगावे, दुसऱ्याने ते बोलल्याप्रमाणे उतरवून घ्यावे, आणि कर्ज अधिकाऱ्याने त्यातल्या कोणत्या शब्दाला पुरावा लागेल ते दाखवावे. अशी सत्रे झाल्यास मी आणि माझे काही निवृत्त सहकारी विनामूल्य येऊ. येणाऱ्यांनी सोबत एकच पान आणावे. गणपती कोपऱ्यात लहान चालेल.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी,
कोल्हापूर